कनकाच्या हातचा दर्भ

कनकानं वर्तमानपत्राची घडी घातली, तर अप्पांनी बोटानंच ती पुन्हा उघडायला लावली. विलायतेत सहावे जॉर्ज वारल्याची बातमी होती. जॉर्ज टाउनमधल्या त्या घरात, अप्पांच्या, म्हणजे गुरुमूर्ती मास्तरांच्या, खाटेशी बसून, ती तिनं पुन्हा वाचली. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या या माणसाला स्वतःच्या पणजोबांचं नाव आठवायला वेळ लागे, पण इंग्लंडचे राजे ओळीनं पाठ. काळीज थकलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते, तरी परीक्षा घ्यायची खोड मात्र शाबूत होती.

“हा जॉर्ज राजा कसा झाला?”

“थोरल्या भावानं गादी सोडली म्हणून, अप्पा.”

“आणि आता?”

“त्याची मुलगी. एलिझाबेथ.”

अप्पा डोळे मिटून हसले.

कनका त्यांची एकुलती एक लेक. चौतिशी उलटलेली, बिनलग्नाची, स्वतःही शाळेत शिकवणारी. कितीतरी दिवस ती एकच गोष्ट मनात घोळवत होती: अप्पांचं शेवटचं सारं आपल्या हातानं व्हावं. पण आठवड्यापूर्वी अप्पांनी तंजावरहून बहिणीच्या मुलाला, तुळजाजीला, बोलावून घेतलं होतं. कशासाठी, हे विचारायची गरजच नव्हती. तरी आज ते हसलेले पाहून तिनं धीर केला.

“मुलगी गादीवर बसते की, अप्पा. मग आपल्या घरी कसाला चालत नाही?”

“तिला भाऊ नाही, म्हणून बसली. धाकटा का होईना, असता तर तोच राजा.”

उत्तर बिनचूक होतं. मास्तरांचं उत्तर कधी चुकत नसे. पुढे काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. कनकानं त्यांना पाणी पाजलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाशी धरून रडली. तुळजाजी भाऊच ना, तिच्या मनात आलं.

दोन दिवसांनी पहाटे अप्पा गेले.

शेषगिरी भटजींनी केळीच्या पानावर दर्भ मांडला. घरात मुलगा नसला की मुलगी ज्याच्या हाती दर्भ देते, तो तिच्या वतीनं क्रिया करतो, ही रीत तिथं जमलेल्या सगळ्यांना ठाऊक होती.

“कर्ता कोण, कनका?” भटजींनी विचारलं, आणि ते थांबले.

ते इतके का थांबले, हे तिला कळेना. सगळ्यांदेखत आपल्याच तोंडून वदवून घेताहेत, असं वाटून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अप्पांचा शब्द तिनं आजवर खाली पडू दिला नव्हता. तिनं दर्भ उचलला आणि तुळजाजीच्या हातात दिला. तो कचरला, तर तिनंच त्याची मूठ मिटली.

भटजींनी सुस्कारा सोडून त्याच्या बोटात दर्भाच्या अंगठीचं पवित्र घातलं आणि संकल्प सुरू केला. तुळजाजीचे डोळे वाहत होते. पळी घ्यायला वाकताना तो तिच्या कानाशी पुटपुटला.

“अक्का, मामांनी मज बोलावलं ते हेंच सांगायला. भटजींसही सांगिटले होते. दर्भ मागू नको म्हणाले, हक्क कनकाचा.”

“मला का नाही सांगितलं?”

“म्हणाले, मी सांगिटले तर ती माझ्यासाठी करील. तिच्या मनांत असेल तर करू दे.” त्यानं नाक पुसलं. “तू लगेच दिल्हंस, अक्का. मज वाटलं, तुझ्या मनांत नाही.”

कनकानं दर्भासाठी हात पुढे केला. मंत्रात गुंतलेल्या भटजींना वाटलं, तिला पाणी हवंय. त्यांनी तिच्या तळहातावर पळीभर पाणी सोडलं आणि मानेनंच तिला मागे सरायला सांगितलं.