आईच्या तोंडावर माझं नाव

आई जाऊन तीन आठवडे झाले आणि भिंतीवर लावायला तिचा एक धड फोटो माझ्याकडे नाही. मी फोटो विकून पोट भरतो, तरी ही अवस्था. ताई आली आणि सरळ म्हणाली, "तो खिडकीतला दे. हसतानाचा."

खिडकीतला म्हणजे आईचा एकमेव खरा फोटो. कॅमेरा दिसला की ती तोंड फिरवायची, त्यामुळे बाकी सगळीकडे तिची पाठ, नाहीतर मिटलेले डोळे. त्या दिवशी ती खिडकीत मटार सोलत बसली होती. मी काहीतरी फालतू बोललो आणि ती पडलेल्या दातासकट खळखळून हसली. तो फोटो मी माझ्या वेबसाइटवर विकायला ठेवला, पूर्ण आकारात, उघडावाघडा. तेव्हा मी भोळसट होतो. तो विकला मात्र कधीच गेला नाही.

चोरीला गेला. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गुडघेदुखीच्या मलमाच्या खोक्यावरून आई माझ्याकडे बघून हसत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आई मात्र जाम खूश.

"बघ, गुडघे माझेच दुखतात आणि हसतेयही मीच! एक खोकं आण ना मला."

"चोरीचा माल घरात यायचा नाही," मी म्हटलं.

मग मी हात धुऊन मागे लागलो. वेबसाइटवरचे सगळे फोटो लहान केले आणि प्रत्येकावर माझं नाव छापलं. तेही बरोबर चेहऱ्यावर, कारण कोपऱ्यात छापलं की लोक तेवढा तुकडा कापून टाकतात. मूळ फोटो एका कुलूपबंद डिस्कवर हलवले आणि बाकी सगळीकडून पुसले. दहा वेळा पासवर्ड चुकला की ती डिस्क आपोआप कोरी होते. याच गुणावर भाळून मी ती आणली होती. दर महिन्याला पासवर्ड बदलायचो, कुठे लिहायचो नाही. "मला तरी सांगून ठेव," बायको म्हणायची. मी तिलाही सांगितला नाही. इतका शहाणा मी.

मलमवाल्यांना वकिलाची नोटीस धाडली. वर्षभर नाकी नऊ आले, पण जिंकलो. त्यांनी दुकानादुकानांतून खोकी परत मागवून नष्ट केली, फाइलसुद्धा पुसल्याचं लिहून दिलं. ते पत्र मी फ्रेम करून टेबलासमोर लावलं.

नंतर आईचं आजारपण आलं. पाच महिने दवाखाना आणि घर. डिस्ककडे बघायला सवड कुणाला? ताईने फोटो मागितल्यावर डिस्क जोडली आणि डोक्यात नुसता अंधार. आईची जन्मतारीख, बायकोची, पहिल्या कॅमेऱ्याचं नाव, सगळं उलटसुलट करून पाहिलं. नऊ वेळा चुकल्यावर बायकोने माझा हात धरला. "आता थांब. उद्या आठवेल." पण मला अगदी खात्री वाटली होती. मी तिचा हात झटकला आणि दहावा टाकला.

राहिला वेबसाइटवरचा फोटो. त्यात माझं नाव आईच्या डोळ्यांवरून ओठांपर्यंत तिरकं गेलंय. कॉम्प्युटरकडून ते पुसून घेतलं, तर नावाखालून दुसऱ्याच कुणाचे तरी ओठ निघाले. ताईने ते बघितलं, पर्स उचलली आणि गेली. मला रडायलाही लाज वाटली.

काल औषधाच्या दुकानात गेलो. म्हटलं, एखादं खोकं मागे पडलं असेल.

"एकही नाही हो," दुकानदार म्हणाला. "तुमच्याच नोटिशीनंतर सगळी परत गेली. मी गठ्ठा बांधत होतो तेव्हा तुमच्या आई आल्या होत्या, काठी टेकत. म्हणाल्या, एक तरी द्या, मुलाला सांगणार नाही."

"मग?"

"कसं देणार? एकही ठेवणार नाही म्हणून सही करून घेतली होती आमची."

"काही बोलली?"

"नाही. गठ्ठ्यातलं वरचं खोकं थोडा वेळ हातात धरलं, परत ठेवलं आणि गेल्या."

मी तेच मलम मागितलं. नव्या खोक्यावर नुसता एक गुडघा आहे.