संशयी काटा

मित्रांनो, मी एक जुना, काट्याचा मल्टीमीटर आहे. वीज आहे की नाही, असली तर किती, हे सांगणं माझं काम. कुणी शपथेवर सांगितलं तरी मी विश्वास ठेवत नाही. लाल आणि काळी वायर टेकवून स्वतः पाहतो. थोडक्यात, संशय हाच माझा धंदा.

१९८४ साली ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या सहदेवने मला विकत घेतलं. कारखान्यांतली बंद पडलेली यंत्रं दुरुस्त करणारा हा माणूस. त्याचा एक नेम होता. मला आधी वीज नक्की असलेल्या चालू बोर्डावर लावायचं, मग यंत्रावर, आणि शेवटी परत बोर्डावर. "आधी तुझी परीक्षा," असं तो म्हणे आणि मला त्याचा राग येई. हा नेम त्याने आईकडून उचलला होता. मासळी विकणाऱ्या हौसाबाई म्हणायच्या, "दुसऱ्याचे होरीन भोक शोधाचे आधी आपले होरीन पानी बघ." होरी म्हणजे होडी.

१९८७च्या मे महिन्यात डोंबिवलीच्या एमआयडीसीतून बोलावणं आलं. कापड रंगवण्याचा कारखाना होता. तिथलं एक यंत्र रोज दुपारी आपोआप थांबे आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू होई. ते चालवणारा भगवान खडवलीहून यायचा. विडी ओढायला मिळावी म्हणून हाच यंत्र बंद पाडतो, असा मॅनेजरांचा संशय होता.

"तुम्ही फक्त लिहून द्या, यंत्रात खोट नाही, माणसात आहे," ते सहदेवला म्हणाले. "सोमवारपासून दुसरा ठेवतो."

भगवानची बारा वर्षांची नोकरी आता माझ्या काट्यावर टांगली होती.

पाच दिवस आम्ही पाळत ठेवली. यंत्र थांबलं की सहदेव मला त्याच्या विजेच्या पॅनेलमध्ये लावी, आणि माझा काटा शून्यावर. त्याने वळून भगवानकडे रोखून पाहिलं की काटा टुणकन वर. नजर काढली की परत खाली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? मागचा मेन स्विच भगवान कुणाकडून तरी बंद करवत असणार, आणि आपण पाहतोय म्हटल्यावर चालू करायला खुणावत असणार. भगवानने घाम पुसला तरी मला त्यात खूण दिसे.

"मी कायपण केलेलं नाय हो," तो एकदा म्हणाला. सहदेवने मला पुन्हा पॅनेलमध्ये लावलं.

शनिवारी मॅनेजरांनी कागद पुढे केला. 'मेन स्विचशी छेडछाड' एवढं लिहून सहदेवचं पेन थांबलं.

"अरे, पाच दिवस झाले, मी मीटर बोर्डावर लावलेलाच नाय," तो पुटपुटला. संशयाच्या भरात नेम राहून गेला होता.

त्याने मला चालू बोर्डावर लावलं. बोर्डावरचा दिवा लख्ख पेटलेला आणि माझा काटा शून्यावर. त्याने लाल वायर वाकवली, तेव्हा काटा उडाला. वायर आतून तुटली होती. भगवानकडे वळताना सहदेवच्या कोपराने ती दाबली जाई, तुटकी टोकं जुळत आणि काटा वर जाई. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवी वायर लावली, तर यंत्र थांबलेलं असतानाही पॅनेलमध्ये वीज व्यवस्थित येत होती. सहदेवने पॅनेलच्या पत्र्यावर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. पॅनेलमागून वाफेचा पाइप गेला होता. भर दुपारी सगळंच तापे, आणि मोटर जळू नये म्हणून बसवलेला रिले त्या उष्णतेनेच यंत्र थांबवी. निवला की पुन्हा चालू.

सहदेवने कागद फाडला आणि भगवानपाशी गेला. "माफ कर दादा. माझ्या मीटरची वायर तुटलेली."

"वायर तुटलेली, कबूल," भगवान शांतपणे म्हणाला. "डोळे तर तुमचेच होते ना, साहेब?" आणि तो यंत्राकडे वळला.

पुढे आकडे दाखवणारे मीटर आले आणि मी सहदेवने कल्याणला काढलेल्या दुकानातल्या फळीवर गेलो. त्या नव्यांचीही तो आधी परीक्षा घेतो. माझी विनंती एवढीच, की मला अधूनमधून पुसा, वायरी ओढू नका, आणि कुणावर संशय आलाच तर आधी स्वतःला चालू बोर्डावर लावून पाहा.

ती तुटकी लाल वायर सहदेवने माझ्याच गळ्यात गुंडाळून ठेवली आहे. तिच्या जागी नवी लावायला दहा मिनिटं लागली होती. भगवानने मात्र पुढची नऊ वर्षं, कारखाना बंद पडेपर्यंत, तिथे दुरुस्तीला येणाऱ्या सहदेवने पुढे केलेला चहा कधी घेतला नाही.