मांजराला सांगितलेली साक्ष

मित्रांनो, या देशाच्या लोकशाहीचा खरा इतिहास माझ्या पोटात आहे. निदान भागीरथाताई तसं म्हणायच्या. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि सध्या माझ्या पोटात झुरळांचं बिऱ्हाड आहे.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. शुद्धीवर आलो तो हैदराबादेत, भागीरथाताईंच्या हाती. त्या सीमेवरच्या मराठी मुलखातल्या गुडीहत्नूरच्या बौद्धवाड्यातल्या एका मास्तरांची लेक. निवडून आलेल्या बायका खरंच कारभार करतात का, यावर विद्यापीठात संशोधन करत होत्या. साल एकोणीसशे शहाण्णव. पंचायतीत बायकांसाठी राखीव जागा नुकत्याच आल्या होत्या, आणि आम्ही दोघं बसनं गावोगाव फिरत होतो. मला बघून लोक आवाज खाली आणत, सदऱ्याची बटणं लावत. मलाही जरा चढलंच होतं.

मुधोळजवळच्या एका गावात वच्छलाबाई सरपंच होत्या. त्यांच्या ओसरीत ताईंना खुर्ची मिळाली, मला स्टूल. समोर वच्छलाबाईंचे मालक चंपतराव बसले. शेजारच्या बाजेवर सासरे उद्धवराव. वच्छलाबाई आत, दाराआड, चहा करत होत्या.

"सरपंच कुठं आहेत?" ताईंनी विचारलं.

"इचारा ना मॅडम. मी हाओ ना."

"गावात बोअर कुणी आणला?"

"आमीच आनला. बाई सही करते, बाकी समदं माह्याकडं."

आतून आवाज आला, "मने, बोअर चावडीपाशी मारा म्हनत होते तुये मालक. थो बौद्धवाड्यात कोनं नेला? मंडळ ऑफिसात तीन खेपा कोनं घातल्या? सांग त्यायले!"

मनी म्हणजे घरचं मांजर. ते म्हणालं, "म्याव."

"लय लाडाचं हाय मांजर तिचं," चंपतराव हसून म्हणाले.

आता, सासऱ्यासमोर सुनेनं नवऱ्याशी किंवा पाहुण्याशी थेट बोलायचं नाही, ही तिकडची रीत. बोलायचंच झालं तर मांजराला सांगायचं, वासराला सांगायचं. ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकून घ्यायचं. हे गावातल्या वासरांनासुद्धा ठाऊक होतं. ताई मात्र लहानपणापासून वसतिगृहात शिकलेल्या. त्यांना वाटलं, बाई मांजराशी खेळताहेत. टेपमध्ये गोंगाट नको म्हणून त्यांनी मला उचलून चंपतरावांच्या आणखी जवळ ठेवलं. मी गेलो. मला पाय नाहीत, हा बचाव मी पुढं पुष्कळ वर्षं वापरला.

पण माझा खरा गुन्हा पुढंच आहे. उद्धवराव तंबाखू थुंकायला अंगणात उतरले, तशा वच्छलाबाई पदर सावरत उंबऱ्यावर आल्या. मांजर नाही, वासरू नाही. ताईंच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाल्या, "बाई, ऐका जराशा, थो बोअर…"

आणि माझ्यातल्या कॅसेटची बाजू संपली. खट्कन बटण वर उडालं. सगळेच दचकले. अर्ध्या तासातली अठ्ठावीस मिनिटं चंपतरावांनीच वापरली होती. "झालं वाट्टे," म्हणत ते उठले. उद्धवराव खाकरत परत आले. वच्छलाबाई आत गेल्या. बाजू उलटायला अर्धं मिनिट पुरलं असतं, पण ताईंना बस गाठायची होती.

प्रबंधात लिहिलं गेलं : 'सरपंच संपूर्ण मुलाखतीत मौन होत्या व पाळीव प्राण्यात रमल्या होत्या. पद केवळ नामधारी.' ते पान फिरत फिरत मंडळ ऑफिसात, म्हणजे तिकडच्या तालुका कचेरीत, पोचलं. मग बैठकीची बोलावणी चंपतरावांच्या नावानं येऊ लागली. बौद्धवाड्यात रस्त्यावर दिवे लावा, असा वच्छलाबाईंचा अर्ज होता. त्याबद्दलही चंपतरावांनाच विचारण्यात आलं. ते म्हणाले, घाई नाही. ताईंना पदवी मिळाली. माझ्या स्पष्ट आवाजाचं तर फारच कौतुक झालं.

त्या मुलाखतीनंतर तीन वर्षांनी ताई माहेरी आल्या होत्या. जेवताना मास्तरांनी मीठ कमी म्हटलं, तशी त्यांची वहिनी ओसरीतल्या सासऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं कोंबडीला सांगत होती, "मीठ बरोबर हाय म्हना, जीभच म्हातारी झाली." मास्तर निमूट जेवू लागले. ताई मात्र हातातला घास ठेवून उठल्या. त्यांनी मला काढलं, ती कॅसेट लावली, आणि तीनदा ऐकली. दुसऱ्या दिवशी आम्ही मुधोळच्या बसमध्ये होतो.

उद्धवराव वारले होते. सरपंचकीची मुदतही संपत आली होती. ताईंनी कॅसेट लावली तेव्हा स्वतःचा आवाज ऐकून वच्छलाबाई पोट धरून हसल्या.

"माह्यं चुकलं, माय," ताई म्हणाल्या.

"तुमचं काऊन? मनीनं नीट सांगतलं नाही. आता इचारावं तं थेही मेली." मग त्यांचं हसू ओसरलं. "पन बाई, दिवे नाही लागले ना."

ताईंनी कॅसेट थांबवली. प्रबंधाला कापडी बांधणी झाली होती. त्यातलं पान आता बदलणार नव्हतं. मलाही कुठं बघावं ते कळेना. शेवटी वच्छलाबाईंनीच माझं स्टूल आपल्याकडं ओढलं.

"पुन्ना इचारा. आता मले इचारा."

त्या दोन्ही बाजू भरून बोलल्या. ओसरीत चंपतराव होते. त्यांना वच्छलाबाईंनी चहा ठेवायला सांगितला. मग दिव्यांचा अर्ज पुन्हा लिहिला गेला, सरपंचबाईंच्या सहीनं, ताईंच्या हस्ताक्षरात. दिवे लागले की नाही, मला ठाऊक नाही. त्याआधीच माझी रवानगी माळ्यावर झाली. ते न कळणं हीच माझी शिक्षा असावी, आणि ती कमीच आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, लोकांना प्रश्न विचारत फिराल. जिच्याबद्दल विचारायचं आहे तिच्या शेजारी जाऊन बसा. चूल असली तर चुलीपाशी बसा. आणखीही पुष्कळ सांगायचं होतं. पण माळ्यावर टाकताना माझ्या पाठीतले सेल काढायचे राहून गेले, त्यांना पाणी सुटलंय, आणि पाठ फार खाजते. कुणी वर आलात, तर तेवढे काढाल का?