एक मूल आणि दोन मुली

शनिवारी सकाळी दारिंकाबाई वाचनमंडळासाठी प्रिगानित्से तळत होत्या. कणकेचे हे फुगीर गोळे, वर मध आणि बाजूला चीज, असल्याशिवाय बैठक झाली असे कुणी मानतच नसे. शाळेत साहित्य शिकवण्यात बाईंची हयात गेली. निवृत्त झाल्यावर लिम नदीकाठच्या आमच्या लहानशा गावात बायकांचे हे मंडळ त्यांनीच उभे केले. कुणाच्या घरात भांडण विकोपाला गेले किंवा कुणाच्या पोराला नोकरी हवी असली की लोक आधी त्यांचे दार ठोठावत. अशा बाईबद्दल वाईट लिहायला हात धजत नाही. पण न लिहून चालणार नाही.

टेबलाशी त्यांची सून तियाना लिंबाचे पाणी घोट घोट पीत बसली होती. तळणीच्या वासाने तिला मळमळत होते. ही तिची तिसरी खेप.

"खिडकी उघडू का, सिने?" दारिंकाबाईंनी विचारले.

आमच्याकडे लाड आला की लेकीला, सुनेला, नातीलासुद्धा 'सिने' म्हणतात. सिने म्हणजे पोरा, लेका. मुलाला लाडाने 'पोरी' म्हटलेले मात्र मी अजून ऐकलेले नाही.

"राहू दे, आई. होईल सवय," तियाना म्हणाली, आणि पाण्यातली लिंबाची फोड चमच्याने दाबत राहिली. सवय होण्याइतके दिवस आता उरले नव्हते, हे दोघींनाही ठाऊक होते.

पोटात मुलगा की मुलगी हे सांगणाऱ्या रक्ताच्या तपासणीचा निकाल त्याच आठवड्यात बेलग्रेडहून आला होता. मुलगी. घरात आधीच दोन मुली, सात वर्षांची इस्क्रा आणि चार वर्षांची लेना. निकाल ऐकून कुणी आदळआपट केली नाही. तियानाचा नवरा वुकाशिन, बायकोच्या बरोबरीने भांडी घासणारा सालस माणूस, "तब्येत बरी आहे ना, मग झालं," एवढेच म्हणाला आणि अंगणात जाऊन बराच वेळ लाकडे फोडत राहिला. दारिंकाबाई म्हणाल्या, "निर्णय तुझा, सिने. शरीर तुझं, हक्क तुझा." मग दुसऱ्या दिवशी त्यांनी बेलग्रेडच्या बसचे तिकीट आणून दिले, ओळख काढून तिथल्या दवाखान्यातली वेळ ठरवली, आणि बसमध्ये गारठा असतो म्हणून स्वतःची लोकरी शाल सुनेच्या बॅगेत ठेवली. जा, असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. बस रविवारची होती.

"आज तूही चल मंडळात," मध गरम करता करता त्या म्हणाल्या. "घरात एकटी बसून डोकं शिणवण्यापेक्षा बरं. पुस्तक वाचलंस का?"

"वाचलं. सगळं."

"मग? कसं वाटलं?"

"तिथंच सांगेन," तियाना म्हणाली.

पुस्तकाचे नाव होते 'वजनघर'. परदेशी कादंबरी, नुकतीच आमच्या भाषेत आलेली. त्यात एक कल्पनेतले राज्य आहे. तिथे जन्मलेली प्रत्येक मुलगी सरकारी वजनघरात न्यावी लागते. वर्षाला ठरावीक मुली ठेवतात, बाकीच्या परत येत नाहीत. दारात एक म्हातारी असते. ती प्रत्येक आईला बसायला खुर्ची देते, कोमट दूध पाजते, पाठीवरून हात फिरवते आणि मग बाळ उचलून आत नेते.

वाचनालयातल्या खुर्च्या त्या दिवशी कमी पडल्या. सगळ्याजणी एकदम बोलत होत्या.

"मला झोपच आली नाही," औषधाच्या दुकानाची मालकीण स्लावका सांगत होती. "नवरा म्हणाला, आणखी वाच असली पुस्तकं. मी पुस्तक उचललं आणि सरळ फडताळात कोंबलं, पिठाच्या डब्यामागं."

"मला वाटतं, लेखिकेनं जरा अतीच केलंय," पोस्टातली रांका म्हणाली. "माणसं इतकी वाईट नसतात."

"असतात गं. पण आपल्याकडं नाही. ते तिकडं, वाळवंटात वगैरे."

"पुस्तकात वाळवंट कुठं आहे?"

"नसेना का. मला दिसत होतं," स्लावका म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

दारिंकाबाई हसल्या नाहीत. शाळेत वर्ग शांत करायच्या तसा त्यांनी हात वर केला. "मला राजाचा राग आला नाही, शिपायांचाही नाही. मला चीड आली त्या म्हातारीची. स्वतः बाई असून. आणि ती किती प्रेमानं वागते बघा. तिच्या प्रेमाचीच मला किळस आली. अशा बाईला क्षमा नाही." त्यांचा आवाज भरून आला होता आणि त्यात नाटक अजिबात नव्हते. रांकाने डोळे टिपले.

वाचनालयात नव्याने लागलेली नेवेना किनाऱ्याकडची, पंचविशीची मुलगी. तिने विनंती केली, "मी अजून सगळ्यांना ओळखत नाही. नाव सांगाल का, आणि घरी कोण कोण असतं ते?"

स्लावका म्हणाली, दोन मुलं आणि एक मुलगी. रांका म्हणाली, मूल नाही, एक मुलगी आहे. मग दारिंकाबाईंची पाळी आली.

"मी दारिंका. एक मूल आणि दोन मुली."

"म्हणजे तीन मुलं," नेवेना लिहून घेत म्हणाली.

"नाही गं. मूल एकच, वुकाशिन. मुली दोन, दोघी लग्न होऊन गेल्या."

कुणी मान वर केली नाही. मधाची वाटी एकीच्या हातून दुसरीच्या हाती गेली. आमच्या गावात असेच मोजतात आणि मोजताना कुणाची जीभ अडखळत नाही. नेवेनाने मात्र पेन थांबवले, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तियानाचे हसणे ऐकू आले.

"हसायला काय झालं, सिने?" दारिंकाबाईंनी विचारले.

"काही नाही, आई. माझे वडीलही तसंच सांगतात. आम्हाला मुलं नाहीत, दोन मुली आहेत." तियाना जरा थांबली. "आता मी पुस्तकाबद्दल बोलू का?"

"बोल की. मनापासून बोल."

"मला ते वाचून भीती नाही वाटली. हेवा वाटला. तिथं शिपाई आहेत, दाराला कुलूप आहे. आपल्याला ओढून नेतायत, एवढं तरी त्या बायकांना कळतं. त्या ओरडू तरी शकतात." तिने गळ्यातला रुमाल सारखा केला. "मी उद्या सकाळच्या बसनं बेलग्रेडला चाललेय. पोटात मुलगी आहे म्हणून. मला कुणी ओढत नाहीये. तिकीट काढून दिलंय, शाल दिलीय. मी ओरडायचं कुणावर?"

त्या खोलीत बेलग्रेडला जाऊन आलेल्या आणखीही काहीजणी होत्या. त्या आता आपापल्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.

"तियाना, अगं, ते वेगळं आहे," शेवटी स्लावका म्हणाली.

"कसं वेगळं?"

"ते आपलं घरातलं आहे. असं चारचौघांत..."

रांका उठली आणि अजून भरलेल्या बशा गोळा करायला लागली. नेवेनाने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिले. "कुणीच काही बोलणार नाही का?" तिने विचारले. कागदावरच्या मुलींसाठी झोप उडालेल्या या बायका चांगल्या होत्या, मी त्या सगळ्यांना ओळखतो. त्यांनी कोट चढवले, दारिंकाबाईंच्या गालाला गाल लावून निरोप घेतला आणि त्या आपापल्या घरी गेल्या.

सासू-सून नदीच्या कडेने घरी निघाल्या. दारिंकाबाईंचा चेहरा अपमानाने लाल झाला होता.

"मी तुला जा म्हणाले होते का? सांग. एकदा तरी?"

"नाही म्हणालात."

"मग लोकांसमोर मला असं का उभं केलंस?"

"मी तुमचं नावही घेतलं नाही, आई."

ते खरेच होते. दारिंकाबाई पुलापर्यंत चालत राहिल्या. अपमान हळूहळू उतरला आणि त्याच्याखाली दुसरेच काहीतरी होते, ते त्यांना सहन होईना. पुलाच्या कठड्याशी त्या थांबल्या. "नको जाऊस," त्या म्हणाल्या.

तियानाच्या डोळ्यांत पाणी आले. ज्या दोन शब्दांची ती वाट पाहत होती ते अखेर आले होते, आणि तिला ते पुरेनात.

"हे मला नका सांगू. उद्या रादोये काका मला स्टँडवर सोडायला येतायत. त्यांच्यासमोर, वुकाशिनसमोर सांगा. ही मुलगी आपल्याला हवी आहे, एवढं एकच वाक्य. तुमच्या शब्दाबाहेर या घरात कुणी नाही. मी थांबेन. मी म्हटलं तर तो सुनेचा हट्ट होतो, तुम्ही म्हटलंत तर ते घराचं म्हणणं होतं."

"सांगेन," दारिंकाबाई म्हणाल्या. त्या मनापासून बोलत होत्या.

सकाळी त्यांच्या दिवंगत नवऱ्याचे थोरले भाऊ रादोये काका आले. टेबलावर हॅम, साय, ताजी पोळी आणि काळी कॉफी मांडलेली होती. काकांनी नेहमीप्रमाणे राकियाचा, घरच्या कडक दारूचा, छोटा पेला घेतला. प्रवासाचे कारण त्यांना माहीत होते आणि माहीत नसल्यासारखे ते हवामानाबद्दल बोलत होते. तियाना कोट घालून बसली होती. तिची नजर सासूवरून हलत नव्हती.

दारिंकाबाई उभ्या राहिल्या. वाक्य तयार होते. तेवढ्यात काका पेल्याकडे बघत, कुणालाच उद्देशून नसल्यासारखे म्हणाले, "माझ्या भावाचं घर वारसावाचून बंद पडू नये, एवढीच इच्छा. बाकी देवानं सगळं दिलंय."

दारिंकाबाईंना त्या क्षणी वुकाशिनच्या जन्माचा दिवस आठवला. दोन मुलींच्या वेळी दवाखान्यात कुणी फिरकले नव्हते, सासरे तर आठवडाभर बोललेच नव्हते. वुकाशिन झाला तेव्हा याच काकांनी अंगणात बंदुकीचे बार काढले होते, आणि सासऱ्यांनी पहिल्यांदा दारिंकाबाईंना नावाने हाक मारली होती. त्या दिवसापासून या घरात आपण कुणीतरी झालो, हे दारिंकाबाई कधी कुणाला बोलल्या नव्हत्या. ज्या दिवसाने आपल्याला माणसात आणले, तो दिवस खोटा होता असे म्हणायला त्यांची जीभ उचलेना. इतकी पुस्तके वाचली, इतकी शिकवली, आणि एक वाक्य तोंडातून बाहेर पडेना.

"आई, तुला काही बोलायचं होतं का?" वुकाशिनने विचारले. तोही वाट पाहत होता, कुणीतरी बोलावे म्हणून.

"वाटेत खायला दिलंय," दारिंकाबाई म्हणाल्या. "पिशवीत वरच आहे."

तियाना उठली, पिशवी घेतली आणि काकांच्या मागोमाग बाहेर गेली.

परत आल्यावर तिने कुणाला दोष दिला नाही. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देई, समोर ठेवलेले खाई, "थँक्यू, आई" म्हणे. ते शब्द दारिंकाबाईंना चटका बसल्यासारखे लागत. मंडळाच्या पुढच्या बैठकीला त्यांनी बरे नसल्याचा निरोप धाडला. स्लावकाने फोन करून सांगितले की सगळ्यांनी मिळून आता एखादे हलकेफुलके पुस्तक घ्यायचे ठरवलेय.

एका दुपारी तियाना आत पडली होती आणि दारिंकाबाई तिच्यासाठी कोंबडीचे सूप करत होत्या. इस्क्रा टेबलाशी चित्र रंगवत होती, लेना टेबलाखाली मांजराशी खेळत होती.

"आजी, आईच्या पोटातलं बाळ मुलगी होती ना?" इस्क्राने मान वर न करता विचारले.

दारिंकाबाईंचा हात थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मुलगा असता तर आई गावाला गेली नसती."

बाळ आजारी होते. देवाने नेले. मोठी झालीस की कळेल. सगळी उत्तरे ओठांवर होती, आणि दारिंकाबाईंना कळले की यातले एक जरी दिले तरी आपण खरे वाक्य दुसऱ्यांदा गिळू, आणि तेही या मुलीसमोर. त्यांनी गॅस बंद केला आणि नातीसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"हो. मुलगी होती. आजारी नव्हती. मी थांब म्हणाले असते तर तुझी आई थांबली असती. मला म्हणायचं होतं. मी नाही म्हणाले. चूक माझी आहे, तुझ्या आईची नाही. आज संध्याकाळी बाबांना आणि रादोये काकांनाही मी हेच सांगणार आहे."

"आता?" इस्क्राने विचारले. "आता सांगून काय?"

इस्क्राने रंगाच्या पेन्सिली एक एक करून डब्यात भरल्या. ती रडली नाही. रडली असती तर बरे झाले असते, असे दारिंकाबाईंना वाटले. मग ती टेबलाखाली वाकली.

"लेना, ऊठ. आजपासून तू आजीजवळ नाही झोपायचं. माझ्याजवळ झोपायचं."

"का?" लेनाने विचारले. "आजी चांगली आहे."

"हो, चांगलीच आहे," इस्क्रा म्हणाली, आणि बहिणीचा हात घट्ट धरून तिला आईच्या खोलीकडे घेऊन गेली.