कोष्टकाची रिकामी घरे

मित्रांनो, येडगावात धरणाच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमागे गवतात एक गंजलेले लांबट धूड पडले आहे. तेच मी. मी थंडी करणारे एक जुने यंत्र आहे. तुमच्या घरचा फ्रीज विजेवर चालतो, मी उष्णतेवर चालत असे. माझ्या पोटात खारट द्रावण होते आणि त्याला वाफेची भारी तहान. ते वाफ ओढून घेई तसतसे शेजारचे पाणी गार होई. पिऊन पिऊन ते पातळ झाले की बॉयलरच्या गरम पाण्याने तापवून पुन्हा घट्ट करायचे. आगीतून गारवा निघतो हे लोकांना पटत नसे. माझ्या नळीला हात लावला की मग पटे.

अंजनाताई आणि गावातल्या तीस बायका इथे चार खोल्यांत अळिंबी पिकवत. सगळे तिला मशरूमच म्हणत. तिला सोळा-सतरा अंशांचा गारवा लागतो, उकाड्यात ती काळी पडून सडते. तो गारवा मी देत होतो. या कामामुळे त्या बायकांचे दुसऱ्याच्या रानात टोमॅटो तोडायला जाणे सुटले होते.

मला सांभाळायला जुन्नरचा वजीर मिस्त्री होता. त्याचे आजोबा हाताने कागद बनवत, म्हणून की काय, याला लिहिण्याची फार आवड. दिवसातून तीनदा तो माझ्यापुढे स्टूल घेऊन बसे. गरम पाणी किती अंश, माझी उष्णता बाहेर टाकणाऱ्या मनोऱ्यातून निवून येणारे पाणी किती, खोल्यांकडे जाणारे गार पाणी किती, सारे वहीत टिपून ठेवी. अशा सात वह्या भरल्या होत्या.

मग व्यवस्थापक सावळेरामांनी पाहुणे येणार म्हणून ऑफिस रंगवायला काढले आणि कपाट मोकळे करताना वह्या रद्दीत दिल्या. वजीरला दुसऱ्या दिवशी कळले. तो एवढेच म्हणाला, "राव, ह्या मशिनीची नाडी व्हती त्यात."

उसाच्या चिपाडांवर चालणारा माझा बॉयलर जुना झाला, तेव्हा त्याच्या जागी छतावर उन्हाने पाणी तापवायचे ठरले. आखणीसाठी तळेघरची वृषाली आली. डोंगरातून मैलोन्‌मैल चालत शाळा शिकलेली आणि पुण्यात इंजिनिअर झालेली मुलगी. माझी नक्कल संगणकात उभी करून उन्हाळ्यात मी कसे वागेन ते तिला आधीच पाहायचे होते.

त्यासाठी तिला एक कोष्टक हवे होते. गरम पाणी नव्वद अंशांऐवजी अठ्ठ्याहत्तरच मिळाले, आणि मनोऱ्यातले पाणी तीसऐवजी पस्तीस अंशांवर गेले, तर मी किती खोल्या गार ठेवीन? माझ्या माहितीपत्रकात एकच ओळ होती: नव्वद आणि तीसला चार खोल्या. बाकीची घरे रिकामी.

तिने मला बनवणाऱ्या कंपनीला पत्रे लिहिली. पहिल्या दोनांना उत्तर नाही. तिसऱ्यानंतर तिने माझ्यासमोरच उभे राहून फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. "मॅडम, सविस्तर आकडे आम्ही बाहेर देत नाही. गोपनीय असतात."

"मला यंत्राची चोरी नाही करायची हो. ते चालेल का, एवढंच बघायचंय."

"माहितीपत्रक पाठवतो ना परत."

आणि तेच एका ओळीचे पत्रक पुन्हा आले.

वजीरकडे चालू वही होती, पण तिच्यात फक्त हिवाळा. तो म्हणाला, "ताई, एक उन्हाळा थांबा. मी समदं लिवून देतो." वृषालीलाही थांबायचे होते. पण सावळेराम अडून बसले. "मार्चच्या आत कागद गेले न्हाई तर सरकारी अनुदानाची योजना हातची जाईल. टाका की एखादा आकडा!"

वृषालीने दुसऱ्याच एका यंत्राच्या वागण्यावरून रिकामी घरे भरली. भरताना तिचा हात दोनदा थांबलेला मी पाहिला. अहवालात छापून आले: उन्हाळ्यात तीन खोल्या. हा अंदाज आहे, असे कुठेही लिहिलेले नव्हते.

अहवाल मंजूर झाला, छतावर उन्हाने पाणी तापू लागले, आणि दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मी पुरता उघडा पडलो. गरम पाणी अठ्ठ्याहत्तरवर, मनोऱ्यातले पस्तीसवर. अहवालावर विसंबून तीन खोल्या भरल्या होत्या आणि मी जीव तोडून दीडच खोली गार करत होतो. दुपारपर्यंत बाकीच्या खोल्यांतून वास येऊ लागला. बायका टोपल्या भरून काळी अळिंबी बाहेर ओतत होत्या. कुणी रडत नव्हते, तेच फार भयंकर होते.

"जुना बॉयलर पेटवा," सावळेराम म्हणाले. "नव्वदच्याबी वर, चांगलं कढत पाणी सोडा हिच्यात."

"हिला किती सोसवंल, मला ठाव न्हाई," वजीर म्हणाला. "कुटं लिवलंय ते दावा."

अंजनाताई हात जोडून म्हणाल्या, "वजीरभाऊ, कायबी करा, पन उरलेल्या खोल्या वाचवा." त्या शब्दापुढे त्याचे चालले नाही.

अति तापल्याने माझे द्रावण घट्ट घट्ट होत गेले आणि नळ्यांत मिठाचे खडे धरले. मी बंद पडलो. खडे वितळवायला वजीरने बॉयलरवरून वाफेची रबरी नळी आणून माझ्या अंगावर धरली. नळी जुनी होती. ती त्याच्या तोंडासमोर फुटली.

मित्रांनो, त्याची किंकाळी मी ऐकली. माझ्यामुळेच हे झाले, आणि मला हलताही येत नव्हते.

त्याचे दोन्ही डोळे गेले. अळिंबीच्या खोल्यांना कुलूप लागले. बायका पुन्हा टोमॅटोच्या रानात गेल्या.

मे महिन्यात कंपनीचा माणूस पाहणीला आला. त्याने लॅपटॉप उघडला, बोट फिरवले आणि सहज म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर आणि पस्तीसला दीडच खोली. आमच्याकडे आहे ना हे." शोधायला दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत. अंजनाताई त्याच्याकडे बघत राहिल्या.

त्यानंतर एके दिवशी वजीरची बायको हाजराबी त्याला हाताला धरून घेऊन आली. त्याला मला एकदा हात लावायचा होता. वृषालीही आली होती. ती त्याच्यासमोर जमिनीवरच बसली.

"चाचा, तो आकडा माझा अंदाज होता. आता तसं मी लेखी कळवलंय सगळ्यांना. माझी नोकरी गेली, पण त्यानं तुमचे डोळे काही परत येत नाहीत."

वजीर माझ्या थंड पत्र्यावर तळवा ठेवून उभा होता.

"अंदाज वाईट नसतो, ताई. मीबी अंदाजानंच पाना फिरवायचो. पन अंदाज हाय म्हनून लिवायचं व्हतं. मंग आमी तीन खोल्या भरल्याच नसत्या, अन् मी बॉयलर पेटवला नसता."

हाजराबीने पदराने त्याचे तोंड पुसले आणि त्याला परत नेले. तो पुन्हा आला नाही.

मित्रांनो, पुढच्या आठवड्यात मला कापून भंगारात नेणार आहेत. माझी तुमच्याकडे एकच विनवणी आहे. तुमच्याजवळ असलेली माहिती कुणाच्या जिवाच्या कामाची असेल, तर ती कुलपात ठेवू नका. कुणी कष्टाने टिपून ठेवलेले फेकू नका. आणि जे तुम्हाला ठाऊक नाही, त्या जागी न लाजता लिहा: 'ठाऊक नाही.'