गल्लीत बंडी आणू नये

तक्रार मीच केली होती, हे आधीच सांगतलेलं बरं. आपलं झाकून कायले ठेवाचं?

दर सोमवारी बजार भरे अन् खेड्यापाड्याच्या बैलबंड्या आमच्या गल्लीत सुटत. दारापुढं बैल, परसात बैल, कुडावरचा वालाचा वेल बैलाच्या पोटात. माझी पोरगी रंभा सकाळपासून लोकायचे बैल ओढून ओढून बाजूले बांधे. ज्या साली आमचा चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या साली मी ग्रामपंचायतीत चार खेपा घातल्या. सरपंच गुणवंतरावाले म्हणली, "भाऊ, बंड्या सोडाची जागा वाढवा, नाई तं सारे बैल तुमच्या कचेरीत आणून बांधीन."

गुणवंतराव मोठा बेरकी. त्यानं जागा वाढवली, पण कुठी? सोताच्या घरापुढं, अंगणाले लागून. अन् आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाटी ठोकली: गल्लीत बंडी आणू नये. कोतवाल मुखरूले पहाऱ्याले बसवलं. मी खुश. उलट मीच बजावलं, "कोनालेच सूट देऊ नका, मंग माझा सख्खा भाऊ येवो."

माझी अक्कल तवा कुठी चराले गेली होती, कोन जाणे. आमच्याकडे पाहुण्याचे बैल ज्याच्या दारी बांधले, पाहुणा त्याचा. पाय धुवाले पाणी त्याचं, पहिलं जेवण त्याचं. अन् गुणवंतरावाची मनकर्णा रंभाच्याच वयाची, लग्नाची.

माघात धानोऱ्याकडून बापूजी आपल्या पोराले घेऊन रंभाले पाहाले आले. घरचं धान, पोरगा बिडीलेही शिवत नाई. असं स्थळ दुसऱ्यांदा कोन आणून देते? मी वडे तळून वाट पाहून राह्यली होती. मुखरूनं बंडी पाटीजवळच अडवली. बैल सुटले सरपंचाच्या अंगणात. सरपंचीण सुगंधाबाई तांब्या घेऊन तयारच, तिच्या मागं मनकर्णा नवं लुगडं नेसून उभी.

मी धावत गेली. "भाऊ, हे पाहुणे माझे हायेत."

"असतीन, देवकाबाई," गुणवंतराव पान लावत म्हणे, "पण बैल माझ्या दारी हायेत. पाटी काढाची असंन तं अर्ज द्या. पुढच्या महिन्याच्या सभेत पाहू."

मले रडूच आलं. पोरीचं चांगलं स्थळ मी माझ्याच तोंडानं घालवलं होतं.

तेवढ्यात रंभा आली. खुंट्याचे दोर सोडले, दोन हातात दोन बैल धरले अन् निघाली गल्लीकडे. मुखरू आडवा झाला.

"मी बंडी नाई आणत, मुखरूभाऊ," ती म्हणली. "पाटी वाचून घ्या."

मुखरू पाहे सरपंचाकडे, सरपंच पाहे पाटीकडे. तोवर बैल आमच्या दारी तणीस खात होते. बापूजीचा एक पाय धुऊन झाला होता, दुसरा कोरडाच. ते उठले, जोडे हातात घेतले अन् म्हणाले, "सरपंच, राग मानू नका. बैल तिकडे गेले, आता आमाले जा लागते." पोरगा तं त्यायच्या आधीच निघाला होता.

वडे खाता खाता बापूजी म्हणाले, "तो डावा बैल मारका हाये, बाई. माझ्या बायकोलेही जवळ येऊ देत नाई. पोरगी पसंत हाये. पण वऱ्हाडात तीस बंड्या येतीन, अन् तुमच्या गल्लीत पाटी. सोडाच्या कुठी?"

"सरपंचाच्या अंगणात," मी म्हणली. "बैलही तिथीच बांधा."

लग्नाच्या दोन दिवस आधी गुणवंतराव सोता माझ्या दारी आला. म्हणे, पाटी आजच काढून टाकतो, अर्ज नाई लागत. मी म्हणली, "राहू द्या भाऊ. गल्ली कशी मोकळी वाटते."

चैतात तिसाच्या तीस बंड्या त्याच्या अंगणात सुटल्या. शंभराच्या वर माणूस होतं. सुगंधाबाईनं सगळ्यायचे पाय धुवाले पाणी देलं, अन् पहिली पंगत उठेपर्यंत ती चुलीपुढून हलली नाई.