न बघता झेलणं

आखातातल्या त्या मराठी मंडळाचा एक नियम होता, आणि तो कोणी केला हे विचारायची सोय नव्हती. नाटकातलं प्रेमी जोडपं खऱ्या नवरा-बायकोनंच करायचं, उगाच लोकांच्या तोंडी विषय नको. नवरा-बायकोनं चारचौघांत प्रेमात दिसायचं म्हणजे काय दिव्य असतं, हे नियम करणाऱ्याला ठाऊक नसावं.

यंदा मंडळाची नाटकं बसवणाऱ्या शरच्चंद्रकाकांनी स्विंग संगीताच्या जमान्यातला एक हॉलिवुडी सिनेमा मराठी रंगमंचावर आणला होता. नाचगाण्यांचा, हसवणारा आणि हॉलिवुडही विसरून गेलेला. पण काकांचा त्याच्यावर जीव. जोडी ठरली लीना आणि वरुणची. माहूज भागातल्या फ्लॅटमध्ये या दोघांचा अबोला चालू होता, हे काकांना कोण सांगणार? दोघं बोलत ती फक्त तालमीत, आणि तेही संहितेतलं.

लीनाचे बाबा वारले तेव्हा ती एकटीच पुण्याला गेली होती. बँकेत ऑडिट आहे, लीव्ह मिळणार नाही, असं वरुण म्हणाला होता. त्यानं ती मागितलीच नव्हती, हे तिला मागाहून कळलं. ते तिच्या मनातून जाईना. आज पहिला प्रयोग होता, आणि पुण्याला जायला उद्या सकाळच्या विमानाचं तिकीट तिनं गुपचूप काढलं होतं, परतीचं नाही. पुढच्या शुक्रवारी दुसरा प्रयोग होता, त्याचं काय व्हायचं ते होवो.

शेवटच्या नाचात खरी गंमत होती. नायक प्रेक्षकांना लवून नमस्कार करतो, शेजारी नायिका डोळे मिटून मागे कोसळते आणि तो तिच्याकडे न बघता हात लांबवून तिला झेलतो. तालमीत वरुणचा हात दर वेळी उशिरा आला आणि लीना दर वेळी गादीवर आपटली. आज खाली गादी नव्हती, नुसत्या फळ्या. भीती वाटत असेल तर गाळू या, असं काका म्हणाले होते. लीना नाही म्हणाली. यानं आजही धरलं नाही, तर जायला मन मोकळं होईल, असा तिचा हट्ट.

ताहिरनं ड्रम घुमवायला सुरुवात केली. गुदैबियाच्या बाजारात दुकान चालवणारा हा रत्नागिरीकर हौसेनं वाजवायला यायचा. लीनानं डोळे मिटले. आता त्याच्या नमस्कारावर हशा यायला हवा होता, पण सभागृह चिडीचूप. तिनं डोळे उघडून मान वळवली.

वरुण नमस्कार करत नव्हता. प्रेक्षकांकडे पाठ फिरवून, दोन्ही हात तिच्या पाठीमागे पसरून तो शेजारी तिच्याकडे बघत उभा होता.

विंगेतून काका दबक्या आवाजात ओरडले, पुढे बघ. त्यानं ऐकलं नाही. ताहिर बिचारा ड्रम लांबवत राहिला.

"मी लीव्ह मागायला हवी होती," वरुण हळूच म्हणाला. "चुकलं माझं. पड आता."

लीना पडली. त्यानं तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. कोणी हसलं नाही. चारदोन टाळ्या पडल्या, त्याही उशिरा.

पडद्यामागे काकांनी वरुणला फैलावर घेतलं. अख्ख्या सिनेमाचा जीव त्या एका गमतीत होता, आणि यानं तिची माती केली. पुढच्या शुक्रवारी वळून बघितलंस तर याद राख, असा दमही भरला. वरुणचा हात अजून लीनाच्या पाठीवर होता.

"पुढच्या शुक्रवारीही तो माझ्याकडे बघेल, काका," लीना म्हणाली. "तरच मी पडेन."